हार्लेममधील दोन घरे

दुसऱ्या महायुद्धातील हॉलंडविषयीची पुस्तके आपल्या धर्मग्रामांतील वाचनालयांत आणि घरांतील लहानशा कपाटांत बहुधा दोन वाटांनी येतात. एक वाट अॅन फ्रँकच्या दैनंदिनीची. ती मराठीत आली, शाळकरी मुलामुलींच्या हाती पडली आणि तिने अनेकांना त्या काळाची पहिली ओळख करून दिली. दुसरी वाट साक्षीच्या पुस्तकांची. परमेश्वराने आपल्या आयुष्यात काय केले हे सांगण्यासाठी लिहिलेल्या या पुस्तकांत कोरी टेन बूम यांचे ‘द हायडिंग प्लेस’ अग्रणी आहे. जॉन आणि एलिझाबेथ शेरिल या दांपत्याच्या साह्याने लिहिलेले हे पुस्तक १९७१ साली प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून प्रॉटेस्टंट व कॅथलिक असा भेद न करता ते ख्रिस्ती घरांतून फिरत राहिले आहे. प्रवचनांत त्यातील दाखले दिले जातात, प्रार्थनासभांत त्यातील प्रसंग सांगितले जातात. आपण ते वाचतो ते संतचरित्र वाचावे तसे: मनुष्य थोर, परमेश्वर कृपाळू आणि शेवट गोड. या वाचनरीतीविषयी मला थोडी तक्रार आहे. ती पुस्तकाविषयी कमी आणि आपल्याविषयी अधिक आहे, परंतु पुस्तकही तिच्यातून सर्वस्वी सुटत नाही.

आधी थोडा इतिहास. मे १९४० मध्ये जर्मनीने हॉलंड पाच दिवसांत जिंकले. त्या वेळी देशात सुमारे १,४०,००० ज्यू होते. प्रथम नोंदणी झाली, मग नोकऱ्या गेल्या, मे १९४२ मध्ये अंगरख्यावर पिवळा तारा आला आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये वेस्टरबोर्कच्या छावणीतून पूर्वेकडे जाणाऱ्या आगगाड्या सुरू झाल्या. सुमारे १,०७,००० माणसे त्यांतून नेली गेली. परतली जेमतेम ५,०००. पश्चिम युरोपातील दुसऱ्या कोणत्याही देशात ज्यूंचा एवढा मोठा हिस्सा मारला गेला नाही. देश सपाट आणि दाट वस्तीचा. डोंगर नाहीत, मोठी अरण्ये नाहीत, सरहद्दीपलीकडेही जर्मनांचाच अंमल. सरकारी दप्तर तर इतके चोख, की कोण कोठे राहतो आणि कोणत्या धर्माचा आहे हे एका कार्डावर सापडे. लपायचे तर कोणाच्या तरी घरातच लपावे लागे. डच भाषेत त्याला जो शब्द रूढ झाला त्याचा अर्थ ‘पाण्याखाली बुडी मारणे’ असा आहे. पंचवीस हजारांहून अधिक ज्यूंनी अशी बुडी मारली आणि त्यांतील सुमारे सोळा हजार जिवंत वर आले. बाकीचे पकडले गेले, बहुधा कोणीतरी सांगितले म्हणून. १९४३ साली अॅमस्टरडॅममध्ये दडलेले ज्यू हुडकून काढणाऱ्या डच माणसांची एक टोळीच होती. तिला दरडोई साडेसात गिल्डर इनाम मिळे आणि काही महिन्यांत तिने आठ हजारांहून अधिक माणसे पकडून दिली. तीही सामान्य माणसेच होती. लपवणाऱ्यांना ‘सामान्य’ म्हणून गौरवताना हे आपण विसरतो.

अशा काळात हार्लेम शहरातील बार्टेल्योरिस रस्त्यावर एक घड्याळजी राहत होते. कॅस्पर टेन बूम यांच्या वडिलांनी १८३७ साली थाटलेले ते दुकान. खाली घड्याळे, वर वाकडातिकडा जिना आणि लहान लहान खोल्या. कॅस्पर, त्यांच्या दोन अविवाहित मुली बेट्सी आणि कोरी, तिघेही पन्नाशीच्या पुढचे. कुटुंब डच रिफॉर्म्ड पंथाचे, रोज सकाळी जेवणघरात बायबल वाचणारे. ‘द हायडिंग प्लेस’चा पूर्वार्ध म्हणजे या घराचे चित्र आहे आणि माझ्या मते पुस्तकाचे खरे बळ तेथे आहे. येथे कोणी मोठ्या शब्दांत बोलत नाही. बोलतात ते रेशनकार्डांविषयी. कारण लपलेल्या माणसाला सरकारदरबारी पोट नसते. त्याच्या वाटणीचा पाव कोणाच्या नावावर आणायचा हा पहिला प्रश्न. कार्डे मिळवण्यासाठी रेशन कचेरीतील एक ओळखीचा कारकून स्वतःच्या कचेरीत दरोड्याचा बनाव घडवून आणतो. कोरीच्या खोलीत खोटी भिंत बांधायची तर विटा आणायच्या कशा? घड्याळाच्या पेटीतून, वर्तमानपत्राच्या पुडक्यातून. ती भिंत उभी राहते आणि मागे जेमतेम अडीच फुटांची पोकळी उरते. मग सराव. घंटा वाजताच जेवणाच्या ताटांसह माणसे अदृश्य झाली पाहिजेत; रात्री असेल तर गादी उलटी करायची, कारण बिछान्याची ऊब हाताला लागली की घात होईल. चोरपावलांनी धावणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची ही कसरत लेखिका किंचित हसत सांगते आणि त्या हसण्यामुळेच ती आपल्या अंगावर येते.

या भागातील दोन प्रसंग मला कोणत्याही प्रवचनापेक्षा मोलाचे वाटतात. पहिला प्रसंग शहात्तर वर्षांच्या एका ज्यू बाईचा. तिला दमा आहे आणि तिच्या छातीची घरघर भिंतीबाहेर ऐकू येते. तिला ठेवले तर सगळे पकडले जाण्याचा धोका. कोरी निर्णय स्वतः घेत नाही, घरात आधीच लपलेल्या माणसांपुढे प्रश्न ठेवते आणि ती माणसे मत देऊन तिला ठेवून घेतात. त्या क्षणी ती आश्रित राहत नाहीत, यजमान होतात. दुसरा प्रसंग एका पाळकाचा. तो घड्याळाच्या कामासाठी दुकानात येतो. कोरी त्याला एक ज्यू बाळ आणि त्याची आई ठेवून घेण्याची विनंती करते आणि बाळ आणून त्याला दाखवते. तो क्षणभर विरघळतो, मग ज्यू मुलासाठी जीव धोक्यात घालता येणार नाही म्हणून मागे सरतो. म्हातारा कॅस्पर पुढे येऊन ते बाळ हातांत घेतो. पाळकाला लेखिका शिव्याशाप देत नाही. तो दुष्ट नव्हता, भ्यालेला होता; आणि भिण्यासारखे खरोखरच होते. पुढे २८ फेब्रुवारी १९४४ रोजी घरावर छापा पडला. ८४ वर्षांच्या कॅस्परला गप्प राहण्याच्या अटीवर सोडायला अधिकारी तयार होता, पण दार वाजवील त्याला मी उद्याही घरात घेईन असे सांगून तो तुरुंगात गेला आणि दहा दिवसांनी मरण पावला. भिंतीमागील सहा माणसे मात्र सापडली नाहीत. पहारा असूनही दोनएक दिवसांनी त्यांना बाहेर काढण्यात आले.

उत्तरार्ध तुरुंगाचा आणि राव्हेन्सब्रुकच्या छावणीचा आहे. बेट्सी तेथे डिसेंबर १९४४ मध्ये मरण पावली, कोरी महिनाअखेरीस सुटली. येथे पुस्तकाचा सूर बदलतो. प्रत्येक घटनेच्या मागे परमेश्वराचा हात दाखवण्याची घाई सुरू होते. बराकीत पिसवा आहेत, त्यामुळे पहारेकरी आत येत नाहीत, त्यामुळे बायबल वाचता येते. म्हणून पिसवांबद्दलही आभार. जीवनसत्त्वाची इवलीशी बाटली सारफथच्या विधवेच्या तेलासारखी संपता संपत नाही. या प्रसंगांच्या खरेखोटेपणाची छाननी करण्याचा मला अधिकार नाही. त्या छावणीत राहून ज्याने आभार मानले त्याच्या आभारांना हात लावण्याची माझी प्राज्ञा नाही. माझी अडचण वेगळी आहे. कोरीची सुटका कारकुनी चुकीमुळे झाली आणि आठवड्याभरात तिच्या वयाच्या स्त्रिया ठार मारल्या गेल्या, असे पुस्तकच सांगते. ती चूक जर परमेश्वराची योजना, तर त्या स्त्रियांच्या बाबतीत योजना काय होती? पुस्तक हा प्रश्न विचारत नाही. साक्षीच्या पुस्तकाला तो परवडतही नसावा. पण वाचकाने तो विचारला नाही, तर वाचलेल्यांचा परमेश्वर आणि मेलेल्यांचा कोणीच नाही, असा एक भयंकर हिशेब नकळत आपल्या भक्तीत शिरतो.

हाच पेच पूर्वार्धातील एका प्रसंगात अधिक बारकाईने आला आहे. कोरीची विवाहित बहीण नोली खोटे बोलायचे नाही या तत्त्वाची. तिच्या घरी राहणारी एक तरुणी ज्यू आहे काय, असे शिपाई विचारतात आणि ती ‘होय’ म्हणते. तरुणी पकडली जाते. कोरी चिडते; ती स्वतः तर रोज खोटे बोलत असते. काही दिवसांनी प्रतिकारकर्ते त्या तरुणीला इतरांसह सोडवतात आणि नोलीची श्रद्धा खरी ठरते. कथा म्हणून हे विलक्षण आहे. परंतु सोडवणूक झाली नसती तर? असत्य कधीही क्षम्य नाही असे संत ऑगस्टीन म्हणत. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथाने ज्याला सत्य जाणण्याचा अधिकार नाही त्याला ते सांगण्याचे बंधन कोणावर नाही असे म्हटले आहे. तरीही असत्याची व्याख्या करताना १९९२ च्या आवृत्तीतील ‘ज्याला सत्याचा अधिकार आहे त्याला’ हे शब्द १९९७ च्या सुधारित पाठात गाळले आहेत. रोमच्या पंडितांनाही जो प्रश्न एका फटक्यात सोडवता आला नाही, तो नोलीने दारात उभे राहून क्षणार्धात सोडवायचा होता. आणि किंमत मोजायची होती ती दुसऱ्याच कोणीतरी. पुस्तक सुखद शेवटाच्या आधाराने येथून पुढे सरकते. मी अजून त्या दारातून पुढे सरकू शकलेलो नाही.

आपल्या संतांच्या इतिहासातही हा हिशेब जुळत नाही. २६ जुलै १९४२ रोजी आर्चबिशप डी योंग आणि इतर डच बिशपांनी ज्यूंच्या हद्दपारीचा निषेध करणारे पत्र चर्चमधून वाचून दाखवायला लावले. धीराचे काम होते ते. बरोबर एका आठवड्याने, २ ऑगस्टला, सूड म्हणून कॅथलिक धर्म स्वीकारलेल्या ज्यूंना पकडण्यात आले. एख्त गावच्या कार्मेलमधून एडिथ स्टाइन आणि त्यांची बहीण रोझा यांना नेले आणि ९ ऑगस्टला आउशविट्झमध्ये त्यांचा अंत झाला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९८ साली एडिथ यांना संतपद दिले. ते पत्र वाचणे चूक होते काय? मुळीच नाही. पण सत्य बोलल्याचे बक्षीस लगेच मिळते, हे त्या उन्हाळ्यात हॉलंडमधील कोणत्याही कॅथलिक माणसाला सांगता आले नसते. त्यानंतर कित्येक कॅथलिक घरांनी, विशेषतः दक्षिणेच्या लिम्बुर्ख प्रांतात, ज्यू मुले आपलीच म्हणून ठेवून घेतली. कोणी पत्र वाचले नाही, कोणी निषेध केला नाही. शेजाऱ्यांना सांगितले, रॉटरडॅमच्या बॉम्बवर्षावात पोरकी झालेली भाची आहे.

हार्लेमचे दुसरे घर काल्पनिक आहे. हॅरी मुलिश या डच कादंबरीकाराची ‘द असॉल्ट’ या इंग्रजी नावाने प्रसिद्ध असलेली कादंबरी १९८२ ची. तिच्यावरचा फोन्स राडेमाकर्स यांचा चित्रपट १९८६ साली आला आणि त्याला परभाषी चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. मुलिश हार्लेमचेच; वडील जर्मनांना सामील, आई ज्यू. अशा घरातून आलेला लेखक पुण्यवानांची कथा सरळ रेषेत सांगणार नाही हे उघड आहे. कादंबरी अशी: जानेवारी १९४५, बारा वर्षांचा आन्तोन आईवडील आणि भावासह घरात बसलेला. रस्त्यात सहा गोळ्या वाजतात. प्रतिकारकर्त्यांनी एका जुलमी पोलीस अधिकाऱ्याला ठार केले आहे आणि त्याचे प्रेत शेजारच्या कोर्तेवेख यांच्या घरासमोर पडले आहे. कोर्तेवेख बापलेक बाहेर येतात, प्रेत उचलतात आणि आन्तोनच्या घरासमोर आणून टाकतात. जर्मन येतात, घर जाळतात, आईवडील आणि भाऊ गोळ्यांना बळी पडतात. आन्तोन वाचतो, मोठा होतो, भूलतज्ज्ञ होतो. दुःख बधिर करण्याचाच धंदा. त्या रात्रीचा खुलासा शोधायला तो जात नाही, खुलासाच तुकड्यातुकड्याने त्याच्याकडे येत राहतो.

शेवटचा तुकडा १९८१ साली अण्वस्त्रविरोधी मोर्चात, कोर्तेवेखच्या मुलीकडून मिळतो. प्रेत हलवले का? तिच्या बापाने घरात पाळलेल्या सरड्यांसाठी. जर्मनांनी घर जाळले तर ते मरतील म्हणून. ठीक, पण मग दुसऱ्या बाजूला, आर्ट्स कुटुंबाच्या दारात का नेले नाही? ते तर कोणाशी न मिसळणारे, शेजाऱ्यांना न आवडणारे. कारण आर्ट्सच्या घरात ज्यू लपलेले होते, एक तरुण जोडपे आणि त्यांचे मूल, आणि हे कोर्तेवेखला ठाऊक होते.

ही ओळ वाचल्यावर कादंबरी मागे जाऊन पुन्हा वाचावी लागते. आर्ट्स पतिपत्नी पुस्तकात जवळजवळ नाहीतच. त्यांचे धैर्य कोणी वर्णिलेले नाही, त्यांची प्रार्थना कोणी ऐकलेली नाही. ते तुसडे होते कारण त्यांना तुसडे राहणे भाग होते. शेजारी चहाला आला असता तर तिघे मेले असते. कोरीच्या घरी माणसांची सतत ये-जा आणि तेच त्या घराचे आवरण. आर्ट्सच्या घरी बंद दार. दोन्ही रीती खऱ्या होत्या. आणि तीन माणसे वाचली ती काही अंशी आन्तोनच्या कुटुंबाच्या मोबदल्यात. त्या कुटुंबाला कोणी विचारले नव्हते. मुलिश या देवघेवीला न्याय म्हणत नाही, अन्यायही म्हणत नाही. प्रेत हलवणारा कोर्तेवेख भेकड होता. तरीही त्या भेकडपणाच्या आत त्याने एक विचार केला आणि त्या विचाराने एक मूल जगले. पुढे त्याने न्यूझीलंडमध्ये आत्महत्या केली. ‘द हायडिंग प्लेस’ शेजारी ही कादंबरी ठेवली पाहिजे असे मला वाटते, ते याचसाठी. श्रद्धेची ऊब मुलिशकडे नाही, रचनाही कधीकधी फार घोटीव वाटते, योगायोग जरा जास्तच हाताशी येतात. पण कोरीचे पुस्तक ज्या माणसांना मोजत नाही, त्यांना तो मोजतो.

आता लपलेल्यांची बाजू. ती सांगणारे अलीकडचे एक पुस्तक मोठे आहे: बार्ट व्हान एस यांचे ‘द कट आउट गर्ल’, २०१८ चे, त्या वर्षीचा कोस्टा पुरस्कार त्याला मिळाला. लेखक ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याचे अध्यापक. त्यांच्या आजीआजोबांनी डोर्डरेख्त गावी लीन नावाची एक ज्यू मुलगी ठेवून घेतली होती. ऑगस्ट १९४२ मध्ये, नऊ वर्षेही पुरी झाली नसताना, ती त्यांच्या घरी आली; सोबत आईचे पत्र, अनोळखी पालकांना उद्देशून, हिला आपलीच समजा म्हणून. आईबाप आउशविट्झला गेले. डोर्डरेख्तमध्ये पोलीस येताच मुलगी तेथून हलली, घरामागून घर बदलत गेली. त्यांतल्या एका घरात तिला मोलकरणीसारखे राबवले गेले आणि त्याच काळात त्या कुटुंबाच्या एका नातेवाइकाने तिच्यावर अत्याचार केला. युद्धानंतर ती व्हान एस कुटुंबाकडे परतली, त्यांची लेक म्हणून वाढली. आणि १९८८ साली पालकमातेने पत्र लिहून तिच्याशी संबंध तोडला. नातवाने पुस्तक लिहायला घेतले ते ही गाठ का तुटली हे कळावे म्हणून. आजीआजोबांचा गौरव त्याला सहज लिहिता आला असता. त्याने म्हाताऱ्या लीनसमोर बसून ऐकणे पत्करले. पुस्तकात गावोगावच्या प्रवासाची वर्णने थोडी लांबली आहेत. ती चाळून जाता येतात.

लीनची कथा वाचताना आपल्या कॅथलिक मनाला टोचावी अशी एक गोष्ट आठवते. युद्ध संपल्यावर हॉलंडमध्ये शेकडो अनाथ ज्यू मुले ख्रिस्ती घरांत होती. त्यांतल्या बऱ्याच जणांना बाप्तिस्मा दिला गेला होता. त्यांना ज्यू नातेवाइकांकडे परत द्यावे की वाढवणाऱ्यांकडेच ठेवावे यावर सरकारने नेमलेल्या आयोगात वर्षानुवर्षे भांडण चालले. दोन कॅथलिक भगिनींनी तर एका मुलीला न्यायालयाचा हुकूम मोडून लपवून ठेवले, आणि १९६१ साली सज्ञान झाल्यावरच ती लोकांसमोर आली. म्हणजे तिला दोनदा लपवण्यात आले: प्रथम मारेकऱ्यांपासून, मग स्वतःच्या लोकांपासून. हे प्रेमापोटी झाले हे मी मान्य करतो. बाप्तिस्मा झालेले मूल सोडायचे कसे, हा त्या स्त्रियांचा पेच आपल्या आजीलाही पडला असता. पण कॅस्परने ते बाळ हातांत घेतले तेव्हा ते ज्यू राहील की नाही असा विचार केल्याचे कोठे दिसत नाही. आणि त्याच घरात मेयर नावाच्या ज्यू गायकाला सुरक्षिततेसाठी युसेबियस हे नाव दिले असले तरी त्याची प्रार्थना त्याच्याच भाषेत चालू राहिली होती. पूर्वार्ध मला आवडतो तो अशा जागांसाठी.

मीप गीस यांच्या १९८७ च्या आठवणींविषयी दोनच शब्द. अॅनच्या कुटुंबाला आणि आणखी चौघांना पंचवीस महिने जेवण, पुस्तके आणि बाहेरच्या बातम्या पुरवणाऱ्या या कारकून बाई २०१० साली वयाच्या शंभराव्या वर्षी वारल्या. पुस्तक साधे आहे, भाजीच्या पिशव्यांनी भरलेले. आपल्याला थोर म्हणू नका असे त्या सतत सांगत राहतात आणि त्यात लटका विनय नाही. ४ ऑगस्ट १९४४ रोजी सर्वांना पकडून नेल्यावर त्या वर गेल्या, जमिनीवर विखुरलेले अॅनचे कागद गोळा केले आणि टेबलाच्या खणात ठेवले. ते वाचले नाहीत, कारण मुलीचे खासगी लिखाण होते आणि ती परत येणार होती. वाचले असते तर त्यांना ते जाळावे लागले असते, असे त्या पुढे सांगत. त्यांत मदत करणाऱ्या सर्वांची नावे होती. कागद तसेच खणात राहिले. १९४५ च्या उन्हाळ्यात अॅनच्या मृत्यूची बातमी आली, त्या दिवशी मीप यांनी ते न वाचताच तिच्या वडिलांच्या हाती दिले.